‘स्टेट’ आणि ‘इस्टेट’ : तंजावरचा एक खटला

इंग्रजी भाषेतील काही शब्द मराठीत इतके मुरले आहेत, की ते परके आहेत याची आठवणही आता कोणाला होत नाही. ‘स्टेट’ हा त्यांपैकीच एक शब्द. एस.टी.ने तालुक्याला जाणाऱ्या माणसाला त्या दोन अक्षरांतील पहिले अक्षर ‘स्टेट’चे आहे, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही. स्टेट बँकेच्या दारावरील पाटी वाचताना त्या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न तो स्वतःला विचारीत नाही. संस्थानी काळातील कागदपत्रांत ‘औंध स्टेट’, ‘सांगली स्टेट’ असे शिक्के दिसतात. तेथे ‘स्टेट’ म्हणजे संस्थान. भावाभावांत वाटणीवरून तंटा उभा राहिला, तर गावात म्हणतात, ‘इस्टेटीवरून बिनसले.’ हा ‘इस्टेट’ शब्दही त्याच घराण्यातला.

खुद्द इंग्रजीतही हा शब्द नाना रूपांनी वावरतो. माणसाच्या किंवा वस्तूच्या अवस्थेला ‘स्टेट’ म्हणतात. सार्वभौम राज्याला ‘स्टेट’ म्हणतात आणि संघराज्याच्या एका घटकालाही तेच नाव देतात. दिवंगत राजाचे शव लोकांच्या दर्शनासाठी इतमामाने ठेवतात, तेव्हाही हाच शब्द येतो. क्रियापद म्हणून तो वापरला, की त्याचा अर्थ ‘निवेदन करणे’ असा होतो.

या साऱ्या पसाऱ्याचे मूळ एका लहानशा धातूत आहे. लॅटिनमध्ये ‘उभे राहणे’ या अर्थाचा एक धातू आहे. त्यापासून ‘स्टेटस’ म्हणजे स्थिती, दर्जा हा शब्द निघाला. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्लंडात आला, तेव्हा त्याच्या आरंभी एक स्वर चिकटलेला होता. तो स्वर राखून ‘इस्टेट’ आणि तो गाळून ‘स्टेट’ अशी दोन रूपे तेथे नांदू लागली. संस्कृतातील ‘स्था’ धातू हा त्या लॅटिन धातूचा सख्खा भाऊ. स्थिती, स्थान, संस्था, देवस्थान हा सारा परिवार त्याचाच. इंग्रजांनी ज्याला ‘स्टेट’ म्हटले त्याला मराठीने ‘संस्थान’ म्हटले, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन शब्द नकळत एकमेकांसमोर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

‘स्टेट’ आणि ‘इस्टेट’ ही जुळी भावंडे असली, तरी त्यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. एकीचा अर्थ राज्य असा ठरला, दुसरीचा मालमत्ता असा. राज्य कोणाच्या घरचे नसते. मालमत्ता मात्र घरचीच असते. मराठी राज्यव्यवहारालाही हा भेद अपरिचित नव्हता. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन स्वतंत्र विभाग होते. सरकारी महसूल, फौज, तह यांचा संबंध दौलतीशी. राजघराण्याच्या स्त्रियांच्या ताब्यातील उत्पन्न खासगीत जमा होई. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. त्यातील फार मोठा भाग खासगीतून झालेला होता. तेव्हा राजाचे काय आणि राज्याचे काय, हा प्रश्न विलायतेतून आलेला नाही. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार परक्याच्या हाती गेला म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल, तर कावेरीच्या काठी तंजावरला जावे लागते.

तंजावरचे मराठी राज्य व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास स्थापन केले. व्यंकोजी हे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. मूळ महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, तमिळ भूमीत, हे घराणे सुमारे एकशे ऐंशी वर्षे नांदले. तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांना त्या दरबारात मान होता; दफ्तर मात्र मोडीत लिहिले जाई. अठराव्या शतकात अर्काटचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कात्रीत हे राज्य सापडले. १७७३ साली ते नवाबाच्या घशात गेले. १७७६ साली तुळजाजीराजांना परत मिळाले. पुढे त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी गादीवर बसले आणि २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने त्यांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि त्याचा लगतचा परिसर. त्याबद्दल वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राजाला मिळावा, असे ठरले.

राज्य गेले, पण राजाची दृष्टी गेली नाही. सरफोजीराजांनी आपले आयुष्य विद्येला वाहिले. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्यांनी देशी-विदेशी ग्रंथांनी समृद्ध केला; काशीयात्रेला गेले, तेव्हा तेथूनही हस्तलिखिते आणविली. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास त्यांनी १८०३ साली मराठीत कोरवून घेतला. ज्याच्या हाती राज्य उरले नव्हते, त्याने राज्याची हकीकत दगडात लिहून ठेवली. सरफोजी १८३२ साली निवर्तले. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी या शिवाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांना पुत्र नव्हता. मागे राण्या होत्या, मुली होत्या; पण गादीला वारस नव्हता. काळही कठीण होता. लॉर्ड डलहौसीच्या राजवटीत निपुत्रिक राजांची राज्ये खालसा करण्याचा सपाटा चालला होता. १८४८ साली सातारा गेले, १८५४ साली नागपूर आणि झाशी गेली. तंजावरचे राजे वारले त्याच महिन्यात कर्नाटकचा नवाबही निपुत्रिक वारला आणि त्याची नवाबीही बुडाली. तंजावरच्या बाबतीत राजकन्येला वारस मानावे, असा विचार पुढे आला होता. परंतु कंपनीच्या डायरेक्टरांनी १८५६ च्या एप्रिलमध्ये तो फेटाळला. मुलीला गादीचा हक्क नाही आणि केवळ नावापुरते राज्य चालविण्यासाठी सरकारने खर्च सोसावा, हे त्यांना मान्य नव्हते. तंजावरचे राज्य संपले, असे त्यांनी ठरविले.

येथवरची कथा साताऱ्याची आणि नागपूरची कथा आहे. पुढे घडले ते निराळे. १८५६ च्या ऑक्टोबर महिन्यात कंपनीचा अधिकारी हेन्री फोर्ब्स फौजेसह तंजावरच्या राजवाड्यात आला. त्याने वाड्याला, जडजवाहिराला, भांडारांना मोहोरा केल्या. राज्याबरोबर राजाची घरची मालमत्ताही कंपनीच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचे दागिने, जमिनी आणि खुद्द ग्रंथालयही त्यातून सुटले नाही. दौलत आणि खासगी यांच्यामधली भिंत त्या दिवशी पाडली गेली.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या त्या बाईने मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीविरुद्ध दावा लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते. राज्य गेले असेल, तर त्याचा निर्णय राजकारणात होवो. पण माझ्या पतीची खासगी मालमत्ता ही राज्य नव्हे. पुत्र नसलेल्या हिंदू पुरुषाची वारस त्याची विधवा असते. तेव्हा ती मालमत्ता माझी. इंग्रजी भाषेत सांगावयाचे, तर ‘स्टेट’ तुम्ही घेतले असेल, ‘इस्टेट’ तुम्हांला घेता येणार नाही. मद्रासच्या न्यायाधीशांना हे पटले. त्यांनी राणीसाहेबांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीच्याच मुलखातील कोर्टाने कंपनीला दोषी ठरविले, ही गोष्ट लहान नव्हती.

कंपनीने विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. याच काळात १८५७ चा वणवा पेटला आणि १८५८ साली कंपनीचा कारभार राणी व्हिक्टोरियाच्या सरकारने आपल्याकडे घेतला. कंपनीच्या जागी अपीलदार म्हणून आता ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे विलायत सरकारचा भारतमंत्री उभा राहिला. खटल्याच्या नावातच ‘स्टेट’ शब्द आला, तोही एका तिसऱ्या अर्थाने. तंजावरचे ‘स्टेट’, राजाची ‘इस्टेट’ आणि सेक्रेटरी ऑफ ‘स्टेट’ असे तीन अर्थ एका प्रकरणात जमले होते. पण खरा पराक्रम चौथ्या अर्थाने केला.

तो अर्थ समजण्यासाठी क्षणभर पुण्याकडे वळले पाहिजे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा पेशव्यांचे एक किल्लेदार नारो गोविंद औटी यांच्याकडील द्रव्य इंग्रज अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. त्यांच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा झाला आणि तेथे निकाल इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध लागला. परंतु १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. युद्धाच्या धामधुमीत शत्रूकडून झालेली ही जप्ती आहे. तिचा विचार दिवाणी कोर्टाने करावयाचा नाही, असे सांगण्यात आले. पुण्यात निदान युद्ध तरी झाले होते. तंजावरला एकही गोळी सुटली नव्हती. राजा इंग्रजांचा मित्र म्हणून जगला आणि मित्र म्हणूनच मेला.

तरीही १८५९ साली लॉर्ड किंग्सडाउन यांनी प्रिव्ही कौन्सिलचा जो निकाल सांगितला, तो पुण्याच्याच मार्गाने गेला. त्यांनी प्रश्न असा घातला : सरकारने ही मालमत्ता कायद्याने मिळालेल्या हक्काच्या आधारे घेतली, की शेजारच्या राज्याचा मुलूख आणि वित्त एका सत्तेने आपल्या बळावर हस्तगत केले? पहिले खरे असेल, तर कोर्टाला चौकशीचा अधिकार आहे. दुसरे खरे असेल, तर ते ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’ होय आणि त्याच्यापुढे कोर्टाचे हात बांधलेले आहेत. या शब्दप्रयोगातील ‘अ‍ॅक्ट’ म्हणजे कायदेमंडळाचा कायदा नव्हे. ‘अ‍ॅक्ट’ म्हणजे कृती, आणि ती कृती कायद्याच्या कक्षेबाहेरची. मराठीत तिला राज्यकृत्य म्हणावे लागेल.

या तर्काचा उलटा फास येथे ध्यानात घेतला पाहिजे. राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या राज्यावर किंवा मालमत्तेवर कंपनीचा कायदेशीर हक्क कोणता, हे कागदपत्रांतून शोधून काढणे अतिशय कठीण आहे, असे खुद्द न्यायमूर्तींनीच मान्य केले. सामान्य माणसाच्या दाव्यात अशी कबुली मिळाली, की वादी जिंकला असे समजावे. येथे तीच कबुली राणीच्या विरुद्ध गेली. कायदेशीर हक्क दिसत नाही, म्हणून ही कृती कायद्याची नव्हे. कायद्याची नव्हे, म्हणून ती राज्यकृत्य. आणि राज्यकृत्य, म्हणून कोर्टाने तिच्याकडे पाहावयाचे नाही. जो हक्काने घेतो त्याला जाब विचारता येतो. जो बळाने घेतो त्याला येत नाही, असा याचा अर्थ झाला. ही कृती न्याय्य होती की अन्याय्य, शहाणपणाची होती की अविचाराची, यात आपल्याला पडता येत नाही, असेही न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितले.

दुसरी गोष्ट याहूनही विलक्षण होती. राजाला खरी सत्ता नव्हतीच, तो किल्ल्यापुरता धनी होता, असा मुद्दा राणीच्या बाजूने येणे स्वाभाविक होते. त्यावर उत्तर आले, की मुलूख लहान असला आणि बलाढ्य शेजाऱ्याशी झालेल्या तहांमुळे राजाला हालचालीला वाव नसला, तरी तो स्वतंत्र राजाच होता. तो कोणाचा मांडलिक म्हणून राज्य करीत नव्हता. जिवंतपणी ज्याचे राजेपण तहामागून तह करून कातरून टाकले, त्याला मेल्यावर संपूर्ण सार्वभौमत्व बहाल करण्यात आले. आणि ते एवढ्याचसाठी, की त्याच्या घरातील चीजवस्तूही ‘स्टेट’ म्हणून गणता यावी. ज्या शब्दाने राजाचा सन्मान केला, त्याच शब्दाने त्याच्या विधवेचा दावा बुडाला. मद्रासचा निकाल रद्द झाला.

कोर्टात हरलेली गोष्ट पुढे कोर्टाबाहेर अंशतः मिळाली. मालमत्ता कोणत्या भाषेत परत येते, हे पाहण्यासारखे आहे. १८६२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने हुकूम काढून राजाची खासगी मालमत्ता राण्यांच्या स्वाधीन केली. थोरल्या राणीने व्यवस्था पाहावी, इतर राण्यांना तिचा उपभोग मिळावा. शेवटच्या राणीच्या पश्चात राजकन्येला आणि ती नसल्यास राजाच्या जवळच्या वारसांना ती मिळावी, अशी तजवीज करण्यात आली. हक्क म्हणून जे नाकारले, ते मेहेरबानी म्हणून दिले गेले. ‘स्टेट’ या नावाने जे वाड्याबाहेर गेले होते, ते ‘इस्टेट’ या नावाने वाड्यात परतले.

मालमत्ता परतली आणि तिच्याबरोबर मालमत्तेचे जुने दुखणेही आले. धाकट्या राणी जिजयांबाबाईसाहेब आणि थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांच्यात वाद उभा राहिला. १८६८ साली मद्रास हायकोर्टात त्याचा निर्णय झाला. सवती सामाईक वारस असतात, व्यवस्थेचा मान मात्र थोरलीचा, हे तत्त्व त्या निकालाने हिंदू कायद्यात दृढ केले. त्या कायद्यात ‘इस्टेट’ शब्दाला आणखी एक छटा होती. विधवेला पतीकडून मिळे ती ‘विडोज इस्टेट’ : हयातीपुरता हक्क, पूर्ण मालकी नव्हे. उत्पन्न खावे, पण मनास येईल तसे विकता येऊ नये. ही मर्यादा घालवून स्त्रीला पूर्ण मालकी देण्यास १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. ज्या बाईने साम्राज्याविरुद्ध मालकीचा दावा मांडला, तिचा स्वतःच्या धर्मशास्त्रातला हक्कही असा अर्धाच होता.

वाड्यातील संपत्तीपैकी सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे ग्रंथसंग्रह. ए. सी. बर्नेल या विद्वान इंग्रज न्यायाधीशाने त्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८० साली प्रसिद्ध झाली. १९१८ साली सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झाले. तेथील मोडी कागदपत्रांचे ढीग महाराष्ट्राच्या अभ्यासकांनाही बोलावीत आले आहेत. बृहदीश्वराचे प्राचीन चोळ मंदिर राजवाडा देवस्थानाकडे राहिले आणि भोसले घराण्यातील ज्येष्ठ पुरुषाकडे त्याचे वंशपरंपरागत विश्वस्तपद चालत आले. जवाहीर कोणाकोणाच्या हाती विखुरले. पण जे वाचण्यासाठी आणि पूजण्यासाठी होते, ते टिकले. ते ना धड ‘स्टेट’चे, ना धड ‘इस्टेटी’चे; विश्वस्त या नात्याने ते लोकांचे झाले.

खटला मात्र तंजावरात राहिला नाही. तो कायद्याच्या ग्रंथांत शिरला आणि इंग्रजी कायदा जेथे जेथे गेला, तेथे तेथे वकिलांनी त्याचे दाखले दिले. स्वतंत्र भारतात संस्थाने विलीन झाली, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. चरखारी आणि सरीला या बुंदेलखंडातील संस्थानांच्या राजांनी दिलेली इनामे उत्तर प्रदेश सरकारने काढून घेतली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कृती अमान्य केली आणि आपल्याच नागरिकांविरुद्ध राज्याला राज्यकृत्याची ढाल वापरता येत नाही, असे सांगितले. उलट १९५८ साली दालमिया दादरी सिमेंट कंपनीच्या प्रकरणात, जींदच्या राजाने दिलेली करसवलत विलीनीकरणानंतर नव्या सरकारवर बंधनकारक नाही, असा निर्णय झाला. जुन्या शब्दाचे जुने बळ एका दिवसात ओसरत नाही, हेच यावरून दिसते.

तरीही एक मूलभूत पालट झाला आहे आणि तो याच शब्दाच्या अर्थाचा आहे. भारताच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे, असे म्हटले आहे. तेथे ‘स्टेट’ म्हणजे संघाचा घटक. बाराव्या अनुच्छेदात त्याच शब्दाची मूलभूत हक्कांपुरती वेगळी व्याख्या दिली आहे. केंद्र सरकार, संसद, राज्यांची सरकारे आणि विधिमंडळे, स्थानिक संस्था हे सारे त्या व्याख्येत येते. ही व्याख्या करण्याचे प्रयोजन असे, की नागरिकाचे मूलभूत हक्क कोणाविरुद्ध चालतात, हे निश्चित व्हावे. आणि त्यासाठी बत्तिसाव्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे ठेवले आहे. १८५९ साली ‘स्टेट’ हा शब्द उच्चारला, की न्यायाधीशाला उठून जावे लागे. १९५० पासून त्याच शब्दाला न्यायाधीशापुढे उभे करता येऊ लागले. मूळ धातूचा अर्थ ‘उभे राहणे’ असाच आहे. तेव्हा शब्दाला त्याची जागा सापडण्यास एक शतक लागले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

कामाक्षीबाईसाहेबांचे नाव इंग्रजी निकालपत्रात ‘कामाची बोये साहबा’ असे वेडेवाकडे छापले गेले आणि कायद्याचे विद्यार्थी ते तसेच पाठ करीत आले. त्यामागे एक मराठी बाई आहे, तंजावरचा वाडा आहे, ‘घरातले घरच्यांचे’ हे साधे म्हणणे आहे, याची कल्पना त्यांपैकी थोड्यांनाच येत असेल. ती खटला हरली. पण राज्य कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हा तिने विचारलेला प्रश्न कोणत्याच निकालाला पुसून टाकता आला नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी अक्षरांसारखा तो अजून वाचता येतो.